गुरुजींचा आवाज बसला ते सहा आठवडे

सावळेराम भोर गुरुजींच्या आवाजाची गावाला सवय झाली होती. ते सातवीला पाढे म्हणून घेऊ लागले की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत, गिरणी चालू असतानाही, दळण घेऊन आलेल्या बाया एकमेकींना सांगायच्या, "गुरुजी सतरावर आले बगा."

गाव येडगावच्या धरणाखाली, कालव्याच्या काठाला. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गुरुजी तिथं बावीस वर्षं शिकवत होते. त्यांची रीत साधी होती. हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजी सांगणार, मुलं ऐकणार. गुरुजी म्हणणार, मुलं मागून म्हणणार. वर्गात कुजबुज झाली की खडूचा तुकडा नेमका त्या डोक्यावर जाऊन बसायचा. पालक खूश होते. शिष्यवृत्तीला दरसाल एखाददुसरा मुलगा लागायचा. आपण चांगले शिक्षक आहोत याबद्दल गुरुजींच्या मनात कधी शंका आली नव्हती, आणि यावी असं काही घडलंही नव्हतं.

२००१ सालच्या दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, थंडीनं बसला असेल. हळद-गुळाच्या गोळ्या झाल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या. महिना होत आला तरी आवाज उघडेना. उलट फाटक्या भात्यासारखा नुसता वारा यायला लागला. नारायणगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवलं. तिथल्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, कुदळ मारून मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे तुमच्या आवाजाच्या तारांना पडलेत. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलंत तर बरे व्हाल, नाही तर ऑपरेशन."

मुख्याध्यापक नानासाहेब रोकडे यांनी लगेच रजेचा अर्ज पुढं केला. गुरुजींनी खिशातून छोटी पाटी काढली. पुण्याहून येतानाच ती घेतली होती. पाटीवर लिहिलं, 'बदली शिक्षक मिळेल?'

"कुठला मिळतोय! पाचवी-सहावी मीच एकत्र घेतोय."

गुरुजींनी पुसून लिहिलं, 'फेब्रुवारीत शिष्यवृत्ती. मी वर्गावर बसतो.'

"बसून करणार काय तुम्ही?" रोकडे सरांनी विचारलं.

गुरुजींनी पाटी पुसून खिशात ठेवली. रोकडे सर म्हणाले, "आठवडाभर बघू. जमलं नाही तर रजा टाका."

पहिला दिवस कसाबसा गेला. गुरुजींनी फळ्यावर पान नंबर लिहिला, 'उदाहरणे सोडवा' असं लिहिलं. एकतीस मुलांनी माना खाली घातल्या. ज्यांना येत होतं त्यांनी सोडवली, ज्यांना येत नव्हतं ती गुरुजी ओरडायची वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या लक्षात आलं की आता ओरडा येणारच नाही. मग जो गोंधळ झाला, तो ऐकून रोकडे सर दोनदा दारात येऊन गेले. गुरुजींनी टेबलावर डस्टर आपटलं. डस्टरची मूठ निघाली, मुलं हसली. त्या संध्याकाळी गुरुजींनी रजेचा अर्ज अर्धा लिहून ठेवला.

तिसऱ्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार होता. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: एक छेद दोन भागिले एक छेद चार. खाली रीत लिहिली, जी ते बावीस वर्षं तोंडानं सांगत आले होते: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. उत्तर दोन.

पहिल्या बसायच्या पट्टीवरची आरती उभी राहिली. वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी. गिरणीवाल्या धर्माजींची नात.

"गुरुजी, भागल्यावर उत्तर ल्हान यायला पायजे ना? आर्द्याला भागलं, तर आर्द्यापेक्षा मोठं कसं आलं?"

गुरुजींनी पाटीवर लिहून दाखवलं, 'नियम आहे.'

एरवी एवढ्यावर आरती बसली असती. गुरुजींचा 'नियम आहे' ऐकल्यावर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. पण पाटीवरची अक्षरं काही ओरडत नाहीत. ती तशीच उभी राहिली.

"नियम हाये ते कळलं, गुरुजी. पण का हाये?"

गुरुजींनी पाटी पुसली. पेन्सिल टेकवली. पेन्सिल तशीच टेकलेली राहिली. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं, उलटा करा आणि गुणा, डी.एड.लाही तेच सांगितलं होतं. आणि त्यांनी स्वतः सहाशे-सातशे मुलांना तेच सांगितलं होतं. घसा नीट असता तर हे त्यांना स्वतःलाही कळलं नसतं. आवाज चढवून ते पुढं गेले असते.

वेळ काढायला म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आपापसांत बोला. उद्या सांगेन.' आणि तोंड चुकवायला मागच्या खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

त्या खिडकीखालीच शेवटची पट्टी होती. तिथं पप्पू बसायचा. पप्पूच्या घरी दोन म्हशी. सकाळी शाळेच्या आधी तो गावात दुधाचा रतीब घालायचा आणि मग वर्गात येऊन डुलक्या घ्यायचा. चौथीपासून त्याच्या नावापुढं गुरुजींनी मनातल्या मनात 'ढ' लिहून टाकलं होतं. त्याच्या शेजारी प्रबुद्ध, त्याचे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. पुढं स्वप्ना, प्रबुद्धची चुलतबहीण, तीन वर्षांत हजेरीपलीकडं जिचा आवाज गुरुजींनी ऐकला नव्हता.

पप्पू हळू आवाजात प्रबुद्धला म्हणत होता, "आरं, ह्यात काय हाये एवढं? आर्दा लिटरच्या किटलीतनं पावच्या मापानं दूद घालायचं. किती मापं निगत्यात?"

"दोन."

"मग झालं की. दोन."

आरतीनं ते ऐकलं. ती पुढची पट्टी सोडून मागं आली. वर्ग चालू असताना कुणी जागा सोडल्याचं गुरुजींनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ते मापायचं झालं," ती म्हणाली. "ह्ये भागायचं हाये."

"भागायचं म्हंजी मापायचंच की," स्वप्ना म्हणाली. गुरुजींची मान आपोआप वळली. स्वप्ना आपल्या पाटीकडे बघतच बोलत होती. "आठ भागिले दोन म्हंजी काय? आठातनं दोन-दोन किती येळा काडता येत्यात. तसंच आर्द्यातनं पाव-पाव."

आरती म्हणाली, "बरं. उत्तर दोन, ते पटलं. पण उलटं का करायचं?"

आजूबाजूची पाच-सहा मुलं त्यांच्याभोवती सरकली. पप्पू दोन्ही हातांनी हवेत किटली धरल्यासारखं करून बसला होता, डोळे मिटून.

"आख्खा एक लिटर आसला," तो म्हणाला, "तर पावची मापं चार. आर्दा लिटर आसला, तर त्याच्या निम्मी."

"चारच्या निम्मी," स्वप्ना म्हणाली. "म्हंजी आर्दा गुणिले चार." तिनं पाटीवर एक छेद चार लिहिलं, त्याच्या शेजारी उलटं करून चार छेद एक लिहिलं. "हे चार म्हंजी एका लिटरातली मापं हायेत. उलटं केल्यावर ती येत्यात."

"दर टायमाला येत्यात?" प्रबुद्धनं विचारलं. त्याला कुठलीही गोष्ट हलवून बघायची सवय होती. "दोन छेद तीनचं माप घे. आसलं माप नसतंय, पण धर, हाये."

पप्पूनं पुन्हा डोळे मिटले. "लिटरातनं एकदा भरून काडलं. मागं ऱ्हायला एक तृतीयांश. त्यात आर्दंच माप भरतंय. म्हंजी दीड माप."

"आन् दोन छेद तीन उलटं केलं तर तीन छेद दोन," आरती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून ओरडूनच आले, "तीन छेद दोन म्हंजी दीडच की! गुरुजी, दीडच येतंय!"

गुरुजी खिडकीचा गज धरून उभे होते. अंगावर काटा आला होता. देवळात, नाहीतर कुणाच्या घरी पहिलं मूल झाल्यावर येतो तसा. बारा-तेरा वर्षांच्या चार पोरांनी, त्यातल्या एकाला ते मूर्ख समजत होते, दहा मिनिटांत एका नियमाचं पोट उघडून आत काय आहे ते बघितलं होतं. आणि त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणाऱ्याला येतच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात अर्धा लिटर पाणी घेतलं आणि दुधाचं पाव लिटरचं माप शोधून काढलं. त्यांच्या बायको सरूबाई भाकरी थापत होत्या. "आवो, च्या पायजे का? खुणा करा की नीट." गुरुजींनी माप बुडवलं, ओतलं. पुन्हा बुडवलं, ओतलं. पातेलं रिकामं झालं. त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन," सरूबाई म्हणाल्या. "मग? आर्द्यात दोन पाव आसत्यातच. त्यात बगायचं काय?"

गुरुजींनी पाटीवर लिहिलं, 'मला माहीत नव्हतं.'

सरूबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

रजेचा अर्धा अर्ज गुरुजींनी फाडून टाकला. मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यांनी मुलांचे गट पाडले, आणि पहिल्यांदा चुकीचे पाडले. हुशार मुलं एका गटात, मधली दुसऱ्या, राहिलेली शेवटी. हुशारांच्या गटात कुणी कुणाशी बोललंच नाही. प्रत्येकानं वहीवर हात आडवा धरून आपलं आपलं सोडवलं. शेवटच्या गटानं भेंड्या खेळल्या. मग त्यांनी गट मिसळले. तेव्हा हुशार मुलं उत्तर सांगून मोकळी व्हायला लागली आणि बाकीची उतरवून घ्यायला लागली.

गुरुजींना एवढंच काम होतं, की वर्गात फिरायचं आणि ऐकायचं. आणि ऐकताना एके दिवशी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मठ्ठा! कितींदा सांगायचं? डोकं घरी ठिवून येतो का?"

आरती बोलत होती. समोर पप्पू मान खाली घालून बसला होता. शब्द गुरुजींचे, सूर गुरुजींचा, 'मठ्ठा'मधला 'ठ्ठा' दाबायची रीतसुद्धा त्यांचीच. भांडण असतं तर गुरुजींनी डस्टर आपटलं असतं. पण ती भांडत नव्हती. ती शिकवत होती. शिकवायचं म्हणजे असंच बोलायचं, हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती. गुरुजी बाहेर व्हरांड्यात गेले आणि माठातलं पाणी प्यायले. तहान नव्हती.

परत येऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गटाचं उत्तर कोण सांगणार ते मी ठरवणार. ज्याच्याकडे छडी जाईल त्यानं सांगायचं, आणि असं का तेही सांगायचं. त्याला सांगता आलं तर सगळ्या गटाला गुण.'

एवढ्या एका नियमानं वर्ग फिरला. आता आरतीला पप्पूला नुसतं उत्तर देऊन भागेना. त्याला कळेपर्यंत सांगणं भाग होतं, आणि त्याला एका रीतीनं कळलं नाही तर दुसरी शोधणं भाग होतं. सांगता सांगता तिचंच कुठं अडतंय ते तिला दिसायचं. एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, "थांब, ह्ये मलाच न्हाई कळलेलं," आणि पप्पू एवढा हसला की तिलाही हसू आलं. गुरुजी ऐकत फिरत होते. कुणाला साताचा पाढा येत नव्हता पण सात-सात मोजायची स्वतःची युक्ती होती. कुणी 'लोकसंख्येची घनता' या शब्दांचा अर्थ इतकी वर्षं 'लोक लठ्ठ आहेत' असा समजत होतं. एकतीस डोकी, आणि प्रत्येकात एक वेगळाच कारखाना चालू. हे सगळं हाताची घडी घालून त्यांच्यासमोर बसलेलं होतं आणि त्यांनी कधी दार वाजवलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात भूगोलात धरणं आणि पाटबंधारे यांवर धडा आला. धडा दोन पानांचा. गुरुजींनी लिहिलं, 'या धड्याबद्दल आपल्या गावात कुणाला जास्त माहीत आहे? त्यांना विचारायचे प्रश्न गटात ठरवा.' प्रबुद्ध म्हणाला, माझ्या आज्जीचं घर धरणात गेलंय, ती येईल. त्याप्रमाणे शुक्रवारी दुपारी जानकाबाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, पांढरं लुगडं, हातात चष्म्याची डबी. गुरुजींनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि आपण पट्टीवर बसले.

नेमके त्याच वेळी धर्माजी शाळेत आले. त्यांना तक्रार करायची होती. ती त्यांनी दारातूनच सुरू केली.

"गुरुजी, आसं कसं चाललंय राव? गिरणीत बसून मला निसता कलकलाट आयकू येतोय. पैल्या नंबरची नात माजी, तिला त्या पप्प्याशेजारी बसवलीय. ती आमची घरी सांगती, आमी गप्पा मारतो. शाळा हाये का पार हाये?"

गुरुजींनी पाटी उचलली, पण त्यांच्याआधी आरती उठली.

"दादा, तुमी बसा. तुमाला बी प्रश्न हायेत आमचे. आपल्या शेताला धरणाचंच पाणी हाये ना?"

नातीनं भर वर्गात असं म्हटल्यावर धर्माजींना उभं राहणंही अवघड आणि जाणंही अवघड. ते दाराजवळच्या स्टुलावर टेकले. जानकाबाई एका बाजूला, धर्माजी दुसऱ्या बाजूला, मध्ये मुलं.

पहिला प्रश्न स्वप्नाच्या गटाचा होता. छडी तिच्याकडे गेली होती. ती उभी राहिली.

"आज्जी, घर सोडलं त्या दिवशी तू सगळ्यात शेवटी काय उचललं?"

गुरुजी चकित झाले. एवढी वर्षं त्यांनी प्रश्न विचारले होते ते असे: धरण कोणत्या नदीवर आहे? धरणाचे फायदे लिहा. हा प्रश्न त्यांना सुचला नसता.

जानकाबाईंनी चष्मा काढला. "कायबी न्हाई उचललं. कोंबडी हुडकत व्हते. टेम्पो भरून तयार, ह्ये हाका मारत्यात, आन् आमची एक तांबडी कोंबडी काय घावना. गोठ्यात न्हाई, उकिरड्यावर न्हाई. शेवटी तिला तितंच सोडून आले. मग लई दिस मला वाटायचं, पानी वर चडलं आसंल तवा ती कुटं बसली आसंल. छपराच्या आड्यावर बसली आसंल का?"

वर्गात कुणी हललं नाही. ही शांतता गुरुजींनी या वेळी मागितली नव्हती, तरी ती आली होती.

मग आरतीनं आजोबांना विचारलं, "दादा, आपल्या रानात पयल्यांदा पानी आलं तवा काय केलं तुमी?"

"काय करायचंय?" धर्माजी म्हणाले. "चपला काडून उबा ऱ्हायलो. पाटानं पानी आलं, सरीत शिरलं, पायावरनं गेलं. गार. मागं आमी बाजरीबिगर काय बगितलं नव्हतं गं. मी आन् तुजी आजी, दोगं बी तसंच उबं, दिस मावळस्तवर."

यानंतर छडी कुणाकडेच गेली नव्हती. प्रबुद्ध आपणहून उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आजोबा, त्या पाण्याखाली कुणाची तरी घरं हायेत, ह्ये ठावं व्हतं का तुमाला?"

रोकडे सर दारात येऊन उभे राहिले होते. गुरुजींना वाटलं, आता धर्माजी उठून जाणार. आवाज असता तर त्यांनी प्रबुद्धला गप्प बसवलं असतं, याची त्यांना खात्री होती.

धर्माजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ठावं व्हतं," ते म्हणाले. "वरच्या अंगाची मान्सं गेली, एवडं ठावं व्हतं. कोन गेली, कुटं गेली, ते कुनी सांगितलं न्हाई. आन् आमी बी इच्यारलं न्हाई. खरं सांगायचं तर इच्यारायचं सुचलंच न्हाई." मग त्यांनी जानकाबाईंकडे बघितलं. "पंचवीस वर्सं झाली तुमी हितं ऱ्हायला येऊन. माज्याच गिरनीत दळाण आनता. कोंबडीचं काय मला म्हाईत नव्हतं."

"तुमी कुटं इच्यारलं?" जानकाबाई म्हणाल्या. "मी बी तुमाला पाटाच्या पान्याचं कवा इच्यारलं न्हाई."

तास संपल्याची घंटा झाली. मुलं उठली नाहीत. आणखी अर्धा तास प्रश्न चालले होते. जुन्या घराची भिंत कशाची होती, बुडालेल्या दोन एकरांच्या बदल्यात काय मिळालं, पाणी कमी झालं की उन्हाळ्यात तिथं काय दिसतं, कालव्याचं पाणी शेवटच्या माणसाला का पोचत नाही. काही प्रश्नांवर दोन्ही म्हातारी माणसं भांडली. प्रबुद्ध आणि आरती लिहून घेत होते, आणि पप्पू मध्येच म्हणाला, "थांबा, आधी आज्जीचं व्हऊ द्या." शाळा सुटल्यावर गुरुजी कुलूप लावून निघाले तेव्हा धर्माजी आणि जानकाबाई फाटकाजवळ उभे राहून बोलतच होते. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

सहा आठवडे झाल्यावर गुरुजी पुण्याला गेले. डॉक्टरांनी आत बघितलं, म्हणाले, "छान. आता बोला. पण हळू. पूर्वीचा आवाज परत येईल अशी आशा धरू नका." येताना एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" गुरुजींनी सहा आठवड्यांतला पहिला शब्द उच्चारला: "नारायणगाव." कंडक्टर वाकून म्हणाला, "काय?" त्यांना तो दोनदा सांगावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात शिरले तेव्हा मुलं आधीच गटात बसली होती. कसल्या तरी उदाहरणावरून जोरात वाद चालू होता. गुरुजी टेबलाजवळ उभे राहिले आणि त्यांनी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "मुलांनो, माझा आवाज आला बरं का." कुणालाही ऐकू गेलं नाही. ते मागं गेले, पप्पूच्या पट्टीजवळ वाकले आणि म्हणाले, "पप्पू, अरे, मी बोलतोय."

पप्पूनं वर न बघताच हात केला. "थांबा गुरुजी, स्वप्नाचं व्हऊ द्या."

गुरुजी थांबले. स्वप्नाचं झाल्यावर सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं आणि मग जो आरडाओरडा झाला तो गिरणीपर्यंत गेला असणार.

शिष्यवृत्तीला त्या वर्षी शाळेची दोन मुलं लागली, आरती आणि स्वप्ना. प्रबुद्धची थोडक्यात हुकली. पप्पू परीक्षेला बसलाच नव्हता. फॉर्म दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, आवाज बसायच्या आधी, गुरुजींनीच भरून पाठवले होते, आणि त्या यादीत त्याचं नाव घालायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. परीक्षा झाल्यावर सोमवारी त्यांनी गणिताची तीच प्रश्नपत्रिका पप्पूला दिली, घड्याळ लावून. घरी तपासली. दोनदा तपासली. मग ती घेऊन रोकडे सरांकडे गेले आणि काही न बोलता त्यांच्यापुढं ठेवली. रोकडे सरांनी गुण बघितले, नाव बघितलं. "पुढच्या वर्षी सगळ्यांचे फॉर्म भरू," रोकडे सर म्हणाले. पप्पूच्या दृष्टीनं त्याचा काही उपयोग नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. गुरुजी त्या संध्याकाळी पप्पूच्या घरी गेले आणि त्याच्या आई-वडिलांना त्यांनी त्या बारीक आवाजात सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. पप्पू हायस्कूलला गेला. पुढं तो आय.टी.आय. झाला.

जूनमध्ये नवी सातवी आली. चौतीस मुलं. सहावीत लागलेल्या शिस्तीप्रमाणे ती ओळीनं बसली, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि भोर गुरुजींकडे बघत राहिली. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बावीस वर्षं गुरुजींना हे दृश्य आवडत होतं. त्या दिवशी ते दारातच थबकले. एवढ्या बंद तोंडांमागं काय काय असेल, हे त्यांना ऐकायचं होतं.

ते आत गेले. फळ्यावर त्यांनी एक उदाहरण लिहिलं आणि पहिल्या पट्टीला म्हणाले, "तुम्ही मागं तोंड करा."

मुलांना वाटलं शिक्षा झाली. ती बिचकत वळली आणि मागच्या पट्टीवरच्या मुलांच्या समोरासमोर बसली. काय करायचं ते कुणालाच कळेना. गुरुजींनी सांगितलंही नाही. बराच वेळ नुसती चुळबुळ चालली. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं समोरच्या मुलाला हळूच विचारलं,

"तुला ह्यातलं काय काय कळत न्हाई?"

ऐकू यावं म्हणून गुरुजी दोन पावलं पुढं सरकले.